गोविंद नारायण आणि आपली बुजलेली विहीर

कमिटीने स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हटलं, तेव्हा मला पहिले आठवले गोविंद नारायण माडगावकर. त्यांचा आपल्या सोसायटीशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. सांगतो.

गोविंद नारायणांचा जन्म १८१५ सालचा, गोव्यातला. १८२४ मध्ये, लहान वयातच ते मुंबईला आले. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसारखे तेही बाहेरूनच आलेले. इथेच शिकले आणि मिशनऱ्यांच्या शाळेत शिक्षक झाले. स्वच्छता, खरेपणा अशा विषयांवर त्यांनी छोटी छोटी पुस्तकं लिहिली. (जिन्यातल्या कचऱ्यावरून आपल्या दर मीटिंगला जे होतं ते पाहता, स्वच्छतेचं पुस्तक आजही घरोघर वाटायला हरकत नाही!)

पण त्यांचं नाव राहिलं ते १८६३ साली निघालेल्या 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकामुळे. मुंबईवर मराठीत एवढं सविस्तर त्याआधी कुणी लिहिलं नव्हतं. देवळं, तळी, बाजार, शाळा, कारखाने, आगगाडी, शिवाय इथे नांदणारी नाना जातीधर्मांची माणसं, सगळं त्यात आहे. शेजारी कोण राहतो, त्याची रीत काय, हे त्यांनी आपुलकीनं टिपून ठेवलं.

काळही कसा होता पाहा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा ते अडतिशीच्या आसपास होते. पुढे दहा वर्षांत अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, किल्ल्याचे जुने तट पाडायला सुरुवात झाली. शहर डोळ्यांदेखत बदलत होतं. अशा वेळी या शिक्षकानं ते कागदावर उतरवलं. आणि १८६५ मध्ये, पन्नाशीच्या आसपासच, ते वारले. पुढे कधीतरी लिहू, असं म्हणाले असते तर राहूनच गेलं असतं.

मला हेच लागतं. आपले पहिले सेक्रेटरीकाका संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसून सांगायचे. इथली भातखाचरं, बुजवलेली विहीर, पहिल्या उन्हाळ्यातला टँकर, आणि बादल्या घेऊन रांगेत उभं राहता राहता झालेल्या ओळखी. मी दर वेळी म्हणायचो, काका, एकदा बसून लिहून घेऊ. दोन वर्षांपूर्वी काका गेले. विहीर नेमकी कुठे होती, हे आता कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. कुणी म्हणतं पार्किंगखाली, कुणी म्हणतं बागेत.

यंदा गणपतीत गच्चीवर मी मुलांना गोविंद नारायणांची ही गोष्ट सांगितली. मग विहिरीवरून मोठ्यांतच वाद रंगला. ज्या दोन घरांत गळतीवरून वर्षभर बोलणं नव्हतं, ती दोघं टँकरच्या आठवणी सांगत रात्री अकरापर्यंत बसली होती.

मी एक जाड वही आणलीय. पहिल्या दिवसापासून राहणाऱ्या आजी-आजोबांनी फक्त बोलायचं, लिहून मी घेईन. चहा आमच्याकडे.

– एक सभासद