गृहिणी ॲबिगेल ॲडम्स

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकते. आपल्या चुका छापून कशाला घ्यायच्या, असे वाटले. मग मला अमेरिकेतल्या ॲबिगेल ॲडम्स यांची आठवण झाली. त्यांनाही आपल्या अशुद्ध लेखनाची लाज वाटे. माझी पत्रे जाळून टाका, असे त्यांनी यजमानांना कळवले होते. यजमानांनी ती जपून ठेवली आणि १८४० साली नातवाने छापली. म्हणून आज दोन-अडीचशे वर्षांनी मला त्यांच्याविषयी चार ओळी लिहिता येत आहेत.

ॲबिगेलबाईंचा जन्म १७४४ साली मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या वेमथ गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. घरात पुस्तके पुष्कळ, पण मुलींना शाळेत घालण्याची रीत नव्हती. बाई घरीच वाचून शहाण्या झाल्या. १७६४ साली जॉन ॲडम्स या तरुण वकिलाशी त्यांचे लग्न झाले.

तेव्हा त्या मुलखावर इंग्रजांचे राज्य होते. १७६५ साली कागदपत्रांवर मुद्रांकाचा कर बसला. पुढे चहावरही कर आला. पार्लमेंटात आमचा एकही माणूस नाही, मग आमच्यावर कर बसवणारे तुम्ही कोण, असा लोकांचा प्रश्न होता. १७७३ च्या डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात लोकांनी इंग्रजांचा चहा समुद्रात फेकून दिला. बायकांनी घरातला चहा बंद केला आणि चरख्यावर सूत काढले. आपल्याकडची स्वदेशीची चळवळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको.

जॉन देशकार्यासाठी फिलाडेल्फियाला गेले आणि घर, शेती, गडीमाणसे आणि चार मुले बाईंवर पडली. १७७५ च्या जूनमध्ये बंकर हिलची लढाई झाली, तेव्हा सात वर्षांच्या मुलाचा हात धरून त्यांनी जवळच्या टेकडीवरून ती पाहिली. त्याच वर्षी हगवणीची साथ आली आणि त्यांची आई गेली. तरी शेतीचा हिशेब चुकला नाही आणि यजमानांना पत्र लिहिण्याचेही थांबले नाही.

त्यांतले ३१ मार्च १७७६ चे पत्र फार प्रसिद्ध आहे. देश स्वतंत्र होणार, नवे कायदे तुम्हीच कराल, तेव्हा बायकांचा विसर पडू देऊ नका, नवऱ्यांच्या हाती बेलगाम सत्ता ठेवू नका, असे त्यांनी कळवले. जॉन मोठे विद्वान आणि बायकोवर जीव टाकणारे. पण या मागणीचे आपल्याला हसू आले, असे त्यांनी उत्तर धाडले.

त्याच वर्षीच्या जुलैत बाई मुलांना देवी टोचून घेण्यासाठी बोस्टनला गेल्या. तेव्हा आजच्यासारखी लस नव्हती. देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या अंगात घालीत, आणि त्यात जीवालाही धोका असे. त्या मुक्कामातच १८ जुलै रोजी सरकारी इमारतीच्या सज्जातून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. सर्व माणसे समान आहेत, हे बाईंनी गर्दीत उभे राहून ऐकले. त्यात बायका नव्हत्या आणि गुलामही नव्हते. गुलामगिरीचा बाईंना तिटकारा होता. पुढे १७९७ साली घरच्या एका काळ्या नोकर मुलाला त्यांनी शाळेत घातले. एका शेजाऱ्याने हरकत घेतली, तर बाई मुलाच्या बाजूने ठाम उभ्या राहिल्या.

युद्धात महागाई झाली. १७७७ साली बोस्टनमध्ये एका व्यापाऱ्याने कॉफी दडवून ठेवली, तेव्हा शंभरावर बायका गाडा घेऊन गेल्या. त्याच्याकडून किल्ल्या घेऊन त्यांनी कोठार उघडले आणि कॉफी नेली. पुरुष नुसते बघत उभे होते. हेही बाईंच्याच पत्रातून कळते.

जॉन युरोपात गेल्यावर ते तिकडून कापड, टाचण्या असा माल धाडीत आणि बाई तो विकवीत. यजमानांना जमीन आवडे, पण बाईंनी सरकारी रोख्यांत पैसे घातले आणि फायदा झाला. १७९७ साली जॉन राष्ट्राध्यक्ष झाले. १८०० साली बाई नव्या राष्ट्राध्यक्ष भवनात राहायला गेल्या, तेव्हा ते अर्धवटच बांधलेले होते. मोठ्या दिवाणखान्यात दोऱ्या बांधून त्यांनी धुणे वाळत घातले.

त्यांची एक चूकही सांगितली पाहिजे. १७९८ साली सरकारवर टीका करणाऱ्यांना शिक्षा करणारा कायदा झाला. बाईंनी त्याला पाठिंबा दिला. यजमानांची निंदा त्यांना सोसली नाही. पण आपल्या माणसाला लागले म्हणून दुसऱ्याचे तोंड बंद करणे बरे नव्हे.

मला सर्वांत मोठे वाटते ते त्यांचे मृत्युपत्र. तिकडच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईच्या मालकीचे काहीच नसे. तरी १८१६ साली बाईंनी आपल्या हिमतीवर मृत्युपत्र केले आणि पैसे व दागिने बहुतेक नाती, पुतण्या-भाच्या, सुना आणि मोलकरणींना वाटून दिले. १८१८ साली त्या वारल्या. जॉननी त्यांची इच्छा पुरी केली. नसती केली, तर कायद्याने त्यांना कोणी विचारले नसते. मुलगा १८२५ साली राष्ट्राध्यक्ष झाला, पण तिकडच्या सगळ्या राज्यांतल्या बायकांना मताचा हक्क घटनेने दिला तो १९२० साली.

आपल्या राज्यघटनेने १९५० साली स्त्री-पुरुषांना एकदमच मत दिले. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आला. मी गेल्या वर्षी शिवणाच्या पैशांतून पोस्टात स्वतःच्या नावाने खाते काढले. आमच्या घरी कोणी हरकत घेतली नाही, यजमान भले आहेत. पण जॉनही भलेच होते. यजमानांचा भलेपणा वेगळा आणि कागदावरचा हक्क वेगळा, हे मला ॲबिगेलबाईंमुळे समजले. भगिनींनो, घरच्या कागदांवर आपले नाव कुठे आहे, ते आज घरी गेल्यावर जरूर पाहा.

लिहिण्यात काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे.