डुबेऱ्याच्या बाजीरावांची फौज घोड्यांच्या पायांवर जिंकली. आपल्या दावणीचे पाय कोण बघतं?

सिन्नर तालुक्यात डुबेरगडाच्या पायथ्याशी डुबेरे गाव आहे. इथल्या बर्व्यांच्या वाड्यात १८ ऑगस्ट १७०० रोजी थोरल्या बाजीराव पेशव्यांचा जन्म झाला. आई राधाबाई ही बर्व्यांची लेक. म्हणजे आपला नाशिक जिल्हा हे बाजीरावांचं आजोळ.

वडील बाळाजी विश्वनाथ हे छत्रपती शाहू महाराजांचे पेशवे. त्यांच्यासोबत बाजीराव लहान वयातच मोहिमेवर जाऊ लागले. घोड्यावर बसणं, घोडा ओळखणं हे शिक्षण तिथंच झालं. एप्रिल १७२० मध्ये वडील वारले आणि त्याच महिन्यात शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रं या पोराला दिली. तेव्हा वय वीसही पूर्ण नव्हतं. दरबारातल्या जुन्या मंडळींना ते पटलं नव्हतं.

पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद

मराठी घोडदळाची शिस्त शिवाजी महाराजांच्या काळात बसली. पागेचा घोडा सरकारचा, त्यावरचा स्वार बारगीर. शिलेदाराचा घोडा मात्र स्वतःचा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालवाला, एक नालबंद अशी नेमणूक असायची. पाणी आणि पाय, या दोन गोष्टींना स्वतंत्र माणूस दिलेला होता.

शिलेदाराचा घोडा लंगडला की त्याची रोजीच बुडाली. आज ज्याची एकच बैलजोडी आहे किंवा दोन गायींच्या दुधावर घर चालतं, त्याला हे वेगळं सांगायला नको.

लंगडा पाय ओळखायची रीत सोपी आहे. घोडा कडक, सपाट जमिनीवर सरळ दुडक्या चालीनं चालवायचा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोकं खाली घालतो. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. मग खूर उचलून खडा, खिळा, भेग बघायची आणि दोन्ही खुरांना हात लावून कोणता गरम लागतो ते ताडायचं.

पालखेड : तोफा मागे, घोडे पुढे

बाजीरावांचं नाव झालं ते पालखेडच्या मोहिमेनं. हे पालखेड निफाडचं नव्हे, आपल्या शेजारच्या वैजापूर तालुक्यातलं. निजामाकडे मोठा तोफखाना होता. बाजीरावांनी जड तोफा आणि बाजारबुणगे टाळले. १७२७ च्या उत्तरार्धात निघालेली फौज वऱ्हाड, खानदेश, गुजरात अशी फिरत राहिली. निजाम पुण्याकडे वळला तर बाजीराव औरंगाबादच्या रोखानं आले. त्यांना गाठायच्या घाईत निजामाला जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ त्याला वेढा पडला, दाणापाणी तुटलं. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला.

या लढाईत तलवार कमी चालली, टापा जास्त. काटक दख्खनी तट्टं कमी चाऱ्यावर लांब मजल मारायची म्हणूनच हा डाव साधला.

पावसाळ्यात छावणी

मराठी फौज सहसा पावसाळ्यात छावणीला असायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायची. शेती आणि भरलेल्या नद्या हे कारण होतंच, पण जनावरालाही विसावा मिळायचा. चिखलात खूर मऊ पडतं, मऊ खुरात खडा रुततो, जखम सडते. आजही गोठ्यात शेण-मूत साचलं की हेच होतं.

गाय-बैल लंगडायच्या आधीच खूण दाखवतात. उभं राहताना पाठ कमानीसारखी वर येते, पाऊल आखूड पडतं, गाय जास्त वेळ बसून राहते, दूध कमी होतं, बैल जोडीत मागे पडतो. गाईला बहुतेक वेळा मागच्या पायाच्या बाहेरच्या नखीत दुखणं असतं. दोन नख्यांच्या मध्ये वास येत असेल तर खूर सडायला लागलंय असं समजा. खुराक एकदम वाढवला तरी खुराला आतून सूज येते, घोड्यालाही आणि गाईलाही.

काही लंगडेपणात मात्र थांबून चालत नाही. पावसाळ्यात तरणं जनावर अचानक लंगडलं, ताप आला, फऱ्यावरची सूज दाबल्यावर करकर वाजली, तर तो फऱ्या रोग. त्याला एकटांग्याही म्हणतात. तासाभराचाही उशीर करू नका. लंगडण्यासोबत तोंडातून लाळ गळत असेल तर लाळ्या-खुरकूत समजून जनावर वेगळं बांधा. दोन्हींची लस मिळते.

दिल्ली आणि रावेरखेडी

मार्च १७३७ मध्ये बाजीराव मोगल सरदारांच्या फौजांना बगल देऊन थेट दिल्लीजवळ जाऊन उभे राहिले. बादशाही फौज त्यांना दुसरीकडेच शोधत होती. वर्षअखेर भोपाळजवळ त्यांनी निजामाला पुन्हा कोंडलं. वीस वर्षांच्या पेशवाईत हा माणूस कायम खोगिरावरच राहिला. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी इथं तापानं त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं एकोणचाळीस. समाधी तिथंच आहे.

आपल्या दावणीला

बाजीरावांच्या काळी दवाखाना नव्हता, आज आहे. तरी लंगड्या बैलाला डागणी देणं, बिब्बा लावणं अजून चालू आहे. त्यानं कातडी भाजते, दुखणं आत तसंच राहतं. माणसाची वेदनेची गोळीही देऊ नका. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे.

पहिल्या दिवशी एवढं करा : काम बंद, कोरडी मऊ जागा, पाय धुऊन तपासणी. खिळा खोल असेल तर तो कुठं होता ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, घोड्याला धनुर्वाताचा धोका मोठा असतो. गाई-बैलांच्या खुरांसाठी शंभर लिटर पाण्यात पाच किलो मोरचूद टाकून त्यातून चालवता येतं, पण ते पाणी पिऊ देऊ नका. वाढलेली खुरं जाणत्याकडून कापून घ्या. बैल डांबरी रस्त्यावर चालत असेल तर पत्र्या मारून घ्या. दुसऱ्या दिवशीही पाय टेकत नसेल तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करा.