खाणीत कोळसा काढणाऱ्या पोरानं ब्रिटनमधलं हॉस्पिटलचं बिलच बंद करून टाकलं

ब्रिटनमध्ये राहणारा माणूस ॲडमिट झाला, ऑपरेशन झालं, आठवडाभर बेडवर पडून राहिला, तरी घरी जाताना त्याच्या हातात बिल पडत नाही. आधी डिपॉझिट भरा, मग पेशंटला आत घेतो, असं तिथं कुणी म्हणत नाही. कार्ड कुठलं, कव्हर किती लाखांचं, हे ऑपरेशन पॅकेजमध्ये बसतं का, याची चौकशीही होत नाही.

या व्यवस्थेचं नाव नॅशनल हेल्थ सर्व्हिस, म्हणजे एनएचएस. ५ जुलै १९४८ ला ती सुरू झाली. ती उभी करणारा माणूस डॉक्टर नव्हता आणि अर्थतज्ज्ञही नव्हता. लहानपणीच शाळा सुटलेला, बोलताना अडखळणारा एक खाण कामगार होता.

नाव अनायरिन बेव्हन. जवळचे लोक त्याला नाय म्हणायचे. मराठीत ऐकायला गंमत वाटते, पण गडी होताही तसाच. समोर कुणीही असो, पटलं नाही की नाय म्हणजे नाय.

त्याचा जन्म १५ नोव्हेंबर १८९७ चा, वेल्समधल्या ट्रेडीगर गावातला. गाव कोळशाच्या खाणींवर जगणारं. वडील डेव्हिड खाणीत, आई फीबी शिवणकाम करायची, घरात दहा पोरं. त्यातली सगळी मोठी झाली नाहीत, काही लहानपणीच गेली. नायचं शाळेत कधी जमलं नाही. आधी खाटकाच्या दुकानात पोऱ्या म्हणून काम केलं, मग चौदाव्या वर्षी तो खाणीत उतरला.

खाण कामगारांनी स्वतःच्या पैशातून गावात एक लायब्ररी काढली होती. पोरगा तिथं जाऊन बसायचा. असं सांगतात की ज्या शब्दावर जीभ अडायची त्याला पर्यायी शब्द शोधून ठेवायची सवय त्याला तिथं लागली. पुढं हाच माणूस ब्रिटिश संसदेतला चर्चिलच्या तोडीचा वक्ता म्हणून ओळखला गेला. १९१९ साली कामगार संघटनेनं त्याला लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात शिकायला पाठवलं. दोन वर्षांनी परत आला तर गावात काम नाही. वर्षानुवर्षं बेकारी.

आणि १९२५ साली वडील गेले. आयुष्यभर खाणीत काम करून फुप्फुसात कोळशाची धूळ साचली होती. श्वास घेता घेता माणूस संपला, तोही पोराच्या डोळ्यांसमोर. हा आजार तेव्हा कामामुळे झालेला म्हणून धरलाच जात नव्हता. त्यामुळे भरपाईचा प्रश्नच आला नाही.

आता याच गावातली दुसरी गोष्ट बघा, कारण एनएचएसचं मूळ तिच्यात आहे.

ट्रेडीगरमध्ये १८९० पासून मेडिकल एड सोसायटी चालायची. कामगारांच्या पगारातून दर पौंडामागे तीन पेन्स कापले जायचे. तेव्हा एका पौंडाचे २४० पेन्स होत. म्हणजे शंभर रुपयांच्या पगारातून सव्वा रुपया. त्या पैशातून सोसायटी डॉक्टर नेमायची, औषधं द्यायची, गावातला छोटा दवाखाना चालवायची. आजारी पडल्यावर खिशात किती आहेत हे बघावं लागत नव्हतं. बेव्हन या दवाखान्याच्या कमिटीवर होता, पुढं काही काळ तिचा अध्यक्षही झाला.

इथं जरा फाटा फोडतो. याच सोसायटीत १९२० च्या दशकात ए. जे. क्रोनिन नावाचा तरुण डॉक्टर नोकरीला होता. त्यानं पुढं द सिटाडेल ही कादंबरी लिहिली, १९३७ साली. तिच्यावरून विजय आनंद यांनी १९७१ मध्ये सिनेमा काढला, तेरे मेरे सपने. खाणीच्या गावात गेलेला डॉक्टर देव आनंद आठवत असेल, तर त्याची मुळं या ट्रेडीगरपर्यंत जातात.

बाकीच्या ब्रिटनमध्ये काय चाललं होतं? तिथं १९११ चा कायदा होता. जर्मनीत बिस्मार्कनं १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाचा विमा सुरू केला, थोडी रक्कम कामगारानं आणि थोडी मालकानं भरायची. ब्रिटनच्या लॉइड जॉर्ज यांनी तीच कल्पना उचलली. आपल्याकडचं ईएसआय याच घराण्यातलं, त्याचा कायदाही १९४८ चाच. आज त्यात कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो.

पण ब्रिटनच्या त्या कायद्यात एक मोठं भोक होतं. विमा फक्त कामगाराचा होता. बायको आणि पोरं त्यात नव्हती. नवऱ्याला ताप आला तर डॉक्टर फुकट, बायकोचं दुखणं मात्र अंगावर काढायचं. अनेक बायका वर्षानुवर्षं तेच करत होत्या.

बेव्हन १९२९ साली एबू व्हेल मतदारसंघातून लेबर पक्षाचे खासदार झाले. १९३४ साली त्यांनी जेनी ली या स्कॉटिश नेत्याशी लग्न केलं. त्या स्वतः राजकारणातलं मोठं नाव, ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीमागे त्यांचा हात आहे. १९३९ मध्ये पक्षानं बेव्हन यांना काही महिने बाहेरही काढलं होतं. सोबत हकालपट्टी झालेले दुसरे नेते म्हणजे स्टॅफर्ड क्रिप्स. हो, आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या क्रिप्स मिशनवाले. महायुद्ध चालू असताना अख्खा देश चर्चिल यांच्यामागे उभा होता, तेव्हा हा माणूस संसदेत उठून त्यांच्यावर टीका करत होता.

१९४२ च्या डिसेंबरमध्ये विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल आला. हे गृहस्थ बंगालमधल्या रंगपूरला जन्मलेले. गरिबी, आजारपण, बेकारी या सगळ्यांपासून प्रत्येक नागरिकाला संरक्षण हवं आणि त्यासाठी सर्वांना मिळेल अशी आरोग्यसेवा हवी, असं त्यात म्हटलं होतं. १९४५ ला निवडणूक झाली, युद्ध जिंकून दिलेले चर्चिल हरले आणि ॲटली पंतप्रधान झाले. त्यांनी ४७ वर्षांच्या बेव्हन यांना आरोग्यमंत्री केलं.

बेव्हरिज यांनी सेवा हवी असं सांगितलं होतं. ती कशी चालवायची हे बेव्हन यांना ठरवायचं होतं, आणि त्यांनी विम्याचा रस्ता सोडला. त्यांचं म्हणणं साधं होतं. विमा म्हटला की हप्ता आला, मग कुणी किती भरलं याचा हिशोब आला, आणि ज्याला नोकरीच नाही तो बाहेर. म्हणून पैसा मुख्यतः सरकारच्या कराच्या तिजोरीतून येणार आणि दारात आलेल्या पेशंटकडून काही घ्यायचं नाही. जर्मनी आणि ब्रिटनचे रस्ते इथं वेगळे झाले. जर्मनीतही आज जवळपास सगळे सुरक्षित आहेत, पण तिथं पैसा पगारातून कापून विम्याच्या फंडात जातो.

दुसरा निर्णय हॉस्पिटलांचा. काही धर्मादाय ट्रस्टची होती, काही नगरपालिकांची. कुठं भरपूर पैसा, कुठं बँडेजची मारामार. बेव्हन यांनी जवळपास २,७०० हॉस्पिटलं एका झटक्यात सरकारच्या ताब्यात घेतली. मंत्रिमंडळातले ज्येष्ठ सहकारी हर्बर्ट मॉरिसन यांनी ती नगरपालिकांकडे राहू द्या म्हणून भांडून बघितलं, पण ॲटली बेव्हन यांच्या बाजूनं उभे राहिले. संसदेत चर्चिल यांच्या पक्षानं विधेयकाविरोधात मतदान केलं, तरी नोव्हेंबर १९४६ मध्ये कायदा झाला.

खरी लढाई पुढं होती, डॉक्टरांशी. सरकार आपल्याला पगारी नोकर करणार ही त्यांना भीती. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांच्या संघटनेनं मतदान घेतलं. सुमारे ४० हजार डॉक्टर विरोधात, बाजूनं पाच हजारही नाहीत. योजना सुरू व्हायला पाच महिने बाकी आणि डॉक्टरच यायला तयार नाहीत!

बेव्हन यांनी आधी मोठ्या स्पेशालिस्ट लोकांना वेगळं काढलं. सरकारी हॉस्पिटलात काम करा, चांगला पगार घ्या, वर खासगी पेशंटही ठेवा, त्यांच्यासाठी तिथंच काही बेड देतो. चर्चिल यांचे खासगी डॉक्टर लॉर्ड मोरन यांनी ही मंडळी वळवायला मदत केली. मग फॅमिली डॉक्टरांची पाळी. तुम्हाला पगारी नोकर करणार नाही, ज्याच्या यादीत जितके पेशंट त्याला त्या हिशोबानं पैसे, अशी हमी कायद्यातच घातली. ५ जुलै उजाडेपर्यंत दहातले नऊ फॅमिली डॉक्टर योजनेत आले होते. समाजवादी म्हणवणाऱ्या मंत्र्यानं मोठ्या डॉक्टरांना पैसे चारून गप्प केलं, असं म्हणायला जागा आहे. बेव्हन यांनीही ते कधी लपवलं नाही.

त्याच सुमाराला इतर देशांतही हीच चर्चा सुरू होती. अमेरिकेत अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ ला राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव ठेवला, डॉक्टरांच्या संघटनेनं जोर लावला आणि तो बारगळला. कॅनडात टॉमी डग्लस यांनी सस्कॅचवन प्रांतात १९४७ ला हॉस्पिटलचा खर्च सरकारवर घेतला. पण १९६२ मध्ये डॉक्टरांची फीही सरकार देणार म्हटल्यावर तिथले डॉक्टर २३ दिवस संपावर गेले. शेवटी तडजोड झाली, आणि पुढं तेच मॉडेल देशभर गेलं. भारतात १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. अध्यक्ष सर जोसेफ भोर नाशिकचे, शिकले पुण्यात. पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत हे त्यांच्या समितीनंही सांगितलं होतं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्यातून आली, बाकीचं बरंचसं कागदावर राहिलं.

५ जुलैच्या पहाटेचे बारा वाजून एक मिनिट. वेल्समधल्या एका हॉस्पिटलात जन्मलेल्या मुलीचं नाव अनायरिनवरूनच ठेवलं गेलं. ही एनएचएसमध्ये जन्मलेली पहिली पोर. आदल्याच दिवशी मँचेस्टरच्या सभेत बेव्हन यांनी आपल्या गरिबीच्या दिवसांची आठवण काढत विरोधी पक्षाला उंदीर-घुशींपेक्षा खालच्या पातळीचं ठरवलं होतं. मोठा गहजब झाला. विरोधकांच्या समर्थकांनी तर त्याच नावाचा क्लब काढून बिल्ले लावून मिरवलं.

मग रांगा लागल्या. इतकी वर्षं दात नसताना जगणारे, बाजारातून अंदाजानं उचललेल्या चष्म्यावर भागवणारे लोक आले. पहिल्या वर्षात ५० लाखांहून जास्त चष्मे गेले. खर्चाचा सगळा अंदाज कोलमडला. लोक फुकटात उधळपट्टी करतायत अशी ओरड झाली. मला विचाराल तर ती उधळपट्टी नव्हती, तो वर्षानुवर्षांचा बॅकलॉग होता.

१९५१ मध्ये कोरियाचं युद्ध चालू होतं आणि शस्त्रांसाठी पैसा हवा होता. अर्थमंत्री गेट्सकेल यांनी कवळी आणि चष्म्याची निम्मी किंमत पेशंटकडून घ्यायचं ठरवलं. वर्षाला मिळणार होते फक्त सव्वादोन-अडीच कोटी पौंड. बेव्हन तेव्हा आरोग्य खातं सोडून कामगारमंत्री झाले होते. एप्रिल १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. सोबत हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन यांनीही.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरांना खासगी बेड देताना नमला आणि कवळीवरून मंत्रिपद सोडलं? पण फरक आहे. डॉक्टरांना दिलेले पैसे तिजोरीतून जात होते, पेशंटच्या दारावर पाटी लागत नव्हती. कवळीला पैसे लावले की ती पाटी लागत होती. अर्थात बेव्हन यांचा हिशोबही अगदी स्वच्छ नव्हता. १९४९ साली औषधांच्या चिठ्ठीवर शुल्क लावायची मुभा देणारा कायदा झाला, तेव्हा ते स्वतः मंत्री होते. ते शुल्क १९५२ मध्ये, चर्चिल पुन्हा सत्तेत आल्यावर, लागू झालं. एका चिठ्ठीला एक शिलिंग.

राजीनाम्यानंतर पक्ष दोन गटांत फुटल्यासारखा झाला. १९५५ मध्ये नेतेपदाच्या निवडणुकीत त्याच गेट्सकेल यांनी बेव्हन यांना हरवलं. १९५९ मध्ये ते उपनेते झाले, पण तोवर पोटाच्या कॅन्सरनं गाठलं होतं. ६ जुलै १९६० ला ते गेले, वयाच्या ६२ व्या वर्षी. एनएचएसला बारा वर्षं पूर्ण होऊन एकच दिवस झाला होता.

आज एनएचएसची अवस्था काही फार बरी नाही. इंग्लंडमधली वेटिंग लिस्ट अलीकडे ७० लाखांच्या वर गेली होती, आणि दातांचा सरकारी डॉक्टर मिळणं हे तिथलं मोठं दुखणं आहे. चिठ्ठीवरचं शुल्क इंग्लंडमध्ये अजून चालू आहे. बेव्हन यांच्या वेल्सनं ते २००७ साली काढून टाकलं, पुढं उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडनंही.

कवळीला मात्र बहुतेकांना अजूनही पैसे पडतात.