दप्तरातून खोडलेले नाव

घरची चूल गाण्यावर पेटे, म्हणून लहानपणापासून एक गोष्ट पाहत आलो. कलेची वाहवा करणारे गृहस्थ बिदागीचा विषय निघाला की कपाळाला आठी घालतात. सिडनीच्या डॅली मेसेंजरचे चरित्र वाचताना तीच आठी आठवली.

होड्या बांधणाऱ्या बापाचा हा मुलगा १८८३ साली जन्मला. रग्बीत त्याची चपळाई आणि अचूक लाथ पाहायला गर्दी लोटे. त्या गर्दीच्या तिकिटांचे पैसे युनियनकडे जात. खेळाडूचे हाडही मोडायचे आणि रोजीही बुडायची. १९०७ साली पैसे देऊन खेळवणारी रग्बी सुरू करण्याचा घाट घातला गेला. मेसेंजरचे मन वळवणाऱ्यांत क्रिकेटवीर व्हिक्टर ट्रंपरही होता. आईचा सल्ला घेऊन मेसेंजरने होकार दिला, असे सांगतात.

युनियनने आपल्या दप्तरातून त्याचे नाव आणि पराक्रम काढून टाकले! इकडे रग्बी लीगमध्ये त्याने १९११च्या हंगामात २७० गुण केले, आणि त्याच्या ईस्टर्न सबर्ब्ज संघाने १९११ ते १९१३ अशी सलग तीन अजिंक्यपदे मिळवली.

१९५९ साली तो वारला. युनियनने त्याचे नाव दप्तरात पुन्हा लिहिले ते २००७ साली.