आजीच्या बटव्यातली औषधं प्रयोगशाळेत तपासणारे कर्नल चोप्रा, त्यांच्या अहवालातूनच देशात औषधांचा कायदा आला

खोकला झाला की अडुळसा. आव पडली की कुड्याची साल. अंगावर सूज आली की पुनर्नवा, म्हणजे आपली घेटुळी.

ही औषधं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. पण ती खरंच काम करतात का, आणि करत असतील तर त्यातल्या नेमक्या कशामुळे? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न घेऊन एक माणूस प्रयोगशाळेत बसला. त्यांचं नाव कर्नल राम नाथ चोप्रा.

त्यांचा जन्म 1882 चा, आज पाकिस्तानात असलेल्या गुजराँवालातला. लाहोरला शिक्षण झालं आणि पुढे ते केंब्रिजला गेले. तिथे वॉल्टर डिक्सन यांच्याकडे ते औषधशास्त्र शिकले. हे शास्त्र तेव्हा नवीन होतं. औषध शरीरात गेल्यावर काय करतं, हे त्यात प्रयोग करून बघितलं जायचं.

1908 मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत होते. 1921 मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये ते औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि खरं काम सुरू झालं.

1923 मध्ये त्यांनी पुनर्नवेवर निष्कर्ष मांडले. या वनस्पतीने लघवीचं प्रमाण वाढतं, म्हणजे अंगात साठलेलं पाणी बाहेर पडतं. सूज का उतरते, याचं कारण समोर आलं. पुढे अडुळसा आणि कुडाही तपासून झाले. 1933 मध्ये या सगळ्या कामाचं पुस्तक आलं, 'इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया'.

त्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसोबत सर्पगंधेच्या मुळातल्या एका घटकावर शोधनिबंध लिहिला. हा घटक रक्तदाब कमी करत होता. 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. 1952 मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. रक्तदाबावर ते जगभर वापरलं गेलं. पण काही रुग्णांना त्यातून नैराश्य येतं, हेही दिसलं. झाडपाल्याचं औषध म्हणजे अपाय नाहीच, असं नसतं. म्हणून तर मात्रा मोजावी लागते.

पण चोप्रांचं सगळ्यात मोठं काम प्रयोगशाळेच्या बाहेर झालं.

त्या काळात भारतात औषधांवर धड नियंत्रण नव्हतं. मलेरियाने माणसं मरत होती आणि बाजारात भेसळीचं क्विनाईन विकलं जात होतं. 1930 मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली आणि अध्यक्षपद चोप्रांना दिलं. 1931 च्या अहवालात समितीने औषधांसाठी कायदा, तपासणीसाठी प्रयोगशाळा आणि शिकलेले फार्मासिस्ट हवेत असं सांगितलं. त्यातूनच 1940 चा औषध कायदा आणि 1948 चा फार्मसी कायदा आला.

1941 मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. त्यानंतर त्यांनी काश्मीर गाठलं. जम्मूत औषधी वनस्पतींवरची संशोधन प्रयोगशाळा त्यांच्या हाताखाली वाढली. ती आज इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन म्हणून ओळखली जाते. 1973 मध्ये श्रीनगरला त्यांचं निधन झालं.

1940 च्या कायद्यात आयुर्वेदिक औषधांसाठीचं वेगळं प्रकरण मात्र 1964 मध्ये जोडलं गेलं. म्हणजे विलायती गोळी असो वा गावठी काढा, दोन्हीची तपासणी व्हायला हवी, हे मान्य व्हायला बराच काळ गेला. चोप्रा दोन्हीकडे एकाच नजरेने बघत होते. विलायती आहे म्हणून त्यांनी क्विनाईनवर डोळे झाकून विश्वास ठेवला नाही आणि गावठी आहे म्हणून घेटुळीला हसले नाहीत.

आज व्हॉट्सॲपवर सुजेवरच्या रामबाण काढ्याचा मेसेज आला, तर तो पुढे पाठवण्याआधी चोप्रांचा तो प्रश्न विचारायला हरकत नाही. हे कुणी तपासलंय का?