आधी फर्स्ट क्लास, मग फिजिक्स

भोसरीतल्या एखाद्या पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये जाऊन बघा. गनमधून निघणारी पावडर चार्ज झालेली असते आणि अर्थिंग केलेल्या जॉबवर जाऊन चिकटते. तिला तिकडे ओढतं ते इलेक्ट्रिक फील्ड. चार्ज गुणिले व्होल्टेज म्हणजे फील्डने केलेलं काम, हे आपण फर्स्ट इयरला पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो! पण चार्ज आणि फील्डच्या याच खेळापायी एका मेकॅनिकल इंजिनिअरने ठरलेली नोकरी सोडली. ते म्हणजे डॉ. होमी भाभा.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागावं, ही वडिलांची इच्छा. होमींचं मन मात्र फिजिक्समध्ये. (आपल्यापैकी कितीजणांची हीच स्टोरी आहे!) शेवटी तडजोड झाली. आधी इंजिनिअरिंगमध्ये फर्स्ट क्लास काढायचा, मग हवं ते शिकायचं. १९३० मध्ये त्यांनी तो काढला आणि १९३५ मध्ये पीएच.डी.सुद्धा मिळवली.

१९३७ मध्ये हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी कॉस्मिक किरणांचं एक कोडं सोडवलं. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना तिथल्या जबरदस्त फील्डमुळे त्याला ब्रेक लागतो. गेलेली एनर्जी फोटॉन बनून बाहेर पडते. तो फोटॉन दुसऱ्या केंद्राजवळ इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार करतो. पुन्हा ब्रेक, पुन्हा फोटॉन... अशी एका कणापासून कणांची सरच कोसळते.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. १९५६ मध्ये तुर्भ्याला 'अप्सरा' रिअॅक्टर सुरू झाला. २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लांवर विमान कोसळलं आणि सगळं संपलं. वय फक्त ५६.

त्यांच्या कुलाब्याच्या संस्थेत १९८८ मध्ये पेलेट्रॉन बसला, १ कोटी ४० लाख व्होल्टचा. त्यातली गंमत अशी, की पॉझिटिव्ह टर्मिनल आधी निगेटिव्ह आयनला ओढून घेतं. तिथे त्याचे इलेक्ट्रॉन काढले की तो पॉझिटिव्ह होतो आणि तेच टर्मिनल त्याला पुढे ढकलतं. व्होल्टेज एकच, काम दोनदा!

घरच्यांच्या इच्छेने शिकलेलं इंजिनिअरिंग भाभांच्या वाटेत आडवं आलं नाही. रिअॅक्टर उभारताना ते कामालाच आलं असणार. सबमिशनचा कंटाळा आला की मी हे आठवते.