चौसष्ट माणसांचा एक रुपया

घरातल्या टीपॉयची काच वरून पाहिली तर पाण्यासारखी नितळ दिसते. तिच्या कडेला डोळा लावला, की तीच हिरवीगार भासते. बोरिवली असो वा मुलुंड, हा प्रयोग कोणत्याही घरात करता येतो. ही हिरवाई लोखंडाची. वाळूत लोह थोडेफार असतेच. भट्टीतून ते काचेत उतरते. निळी काच हवी तर चिमूटभर कोबाल्ट, हिरव्या बांगडीसाठी तांबे किंवा क्रोमियम, माणकासारख्या लालीसाठी सोन्याचे अतिसूक्ष्म कण. मात्र दिव्याच्या काचेला रंग नको असतो, आणि काच बिनरंगी करणे हेच अवघड.

ही विद्या आपल्याकडे यावी म्हणून ज्यांनी पायपीट केली, ते अंताजी दामोदर काळे पेशाने शिक्षक होते. स्वदेशी उद्योगाला भांडवल हवे आणि ते लोकांनीच द्यावे, असे त्यांनी ठरवले. माणशी वर्षाला अवघा एक पैसा! त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे. म्हणजे एका रुपयासाठी चौसष्ट माणसांची मने वळवायची. अंताजीपंत गावोगाव हिंडले. लोकमान्य टिळक पाठीशी उभे राहिले आणि 1908 साली तळेगाव दाभाडे येथे पैसाफंडाचा काच कारखाना सुरू झाला.

पैसा जमला तरी भट्टीचे शास्त्र हवेच. ते जपान आणि अमेरिकेत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी आणले. काचेतला हिरवटपणा घालवण्याचा जुना उपाय मँगॅनीज डायॉक्साइड. ते लोहाचा रंग फिका पिवळसर करते आणि स्वतःच्या जांभळ्या छटेने तोही झाकते. प्रमाण जास्त झाले, तर काचच जांभळी! पोथीपेक्षा भट्टीपाशी उभे राहूनच हे उमगते. म्हणून तळेगाव नुसता कारखाना न राहता शाळाही झाले. भट्टीपाशी घडलेले कारागीर पुढे इतर कारखान्यांत गेले.

ओगले बंधूंनी 1916 साली कऱ्हाडजवळ काच कारखाना काढला. पुढे त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला. आपल्या आजी-आजोबांनी त्याच्या उजेडात अभ्यास केला असेल. रंगीत काच डोळ्यांत भरते. नितळ काच कोणी पाहत नाही, तिच्यातून पलीकडचे पाहतात. अंताजीपंतांचेही तसेच झाले. मास्तरांचे नाव मागे पडले, उजेड मात्र घरोघरी पोचला.